सूत्र पाच फुटांपासून सुरू होतं

१५२ सेंटिमीटर. भारतातल्या प्रौढ बाईची सरासरी उंची साधारण एवढी आहे. पाच फूट म्हणजे १५२.४ सेंटिमीटर. हे दोन आकडे एकदा शेजारी शेजारी ठेवून पाहिले, आणि उंचीवरून 'आदर्श वजन' सांगणाऱ्या सूत्रांवरचा माझा भरवसा डळमळला. यातली बहुतेक सूत्रं पाच फुटांपासून सुरू होतात. पाच फुटांना इतके किलो, वरच्या प्रत्येक इंचाला आणखी इतके. पाच फुटांच्या खाली काय करायचं ते सूत्र सांगत नाही. आणि आपल्या जवळपास निम्म्या बायका पाच फुटांच्या खालीच आहेत.

मराठवाड्यातल्या हदगावात कुठल्याही औषधाच्या दुकानाबाहेर काटा असतो. त्यावर उभं राहिलं की वजन कळतं, पण ते बरोबर की चूक हे कुणी सांगत नाही. मग मोबाइल काढायचा, उंची टाकायची, 'स्त्री' किंवा 'पुरुष' यावर बोट ठेवायचं, की उत्तर तयार. हे उत्तर येतं कुठून, ते आधी पाहू.

सर्वांत जास्त चालणारं सूत्र १९७४चं आहे. अमेरिकेतल्या बेन डिव्हाइन यांनी ते मांडलं. पुरुषाला पाच फुटांना ५० किलो, बाईला ४५.५ किलो, आणि पुढच्या दर इंचाला दोघांनाही २.३ किलो. या आकड्यांमागे एखादी मोठी पाहणी असेल असं वाटतं. पण तेच आकडे पौंडात करून पाहा: ११० पौंड, १०० पौंड, आणि इंचाला ५ पौंड. तोंडपाठ राहावेत असे हे गोल आकडे होते, किलोत आणल्यावर ते शास्त्रीय दिसू लागले. डिव्हाइन यांना कुणाला बारीकही करायचं नव्हतं. त्यांच्यापुढे प्रश्न होता जेंटामायसिन या औषधाचा. हे औषध चरबीत फारसं उतरत नाही आणि जास्त झालं तर मूत्रपिंड आणि कान बिघडवतं. लठ्ठ माणसाला काट्यावरच्या वजनाच्या हिशोबानं डोस दिला तर तो जास्त होणार, म्हणून उंचीवरून अंदाज बांधायची ही सोय. औषधाचा डोस ठरवायला केलेलं सूत्र पुढे लोकांच्या शरीराचा निवाडा करू लागलं.

त्याच्या आधी, १९६४मध्ये, हॅमवी यांचं सूत्र आलं होतं: पुरुष ४८ किलो अधिक इंचाला २.७, बाई ४५.५ अधिक २.२. १९८३मध्ये दोन सूत्रं आली. रॉबिन्सन यांचं पुरुषासाठी ५२ अधिक १.९ आणि बाईसाठी ४९ अधिक १.७, तर मिलर यांचं पुरुषासाठी ५६.२ अधिक १.४१ आणि बाईसाठी ५३.१ अधिक १.३६. या सगळ्यांहून जुनं सूत्र फ्रेंच शल्यविशारद पॉल ब्रोका यांच्या नावावर आहे. मेंदूतलं वाचेचं केंद्र शोधणारे ते हेच. सेंटिमीटरमधल्या उंचीतून १०० वजा करायचे. आदर्श वजन हवं असेल तर पुरुषासाठी त्यातले १० टक्के आणि बाईसाठी १५ टक्के आणखी कमी करायचे.

आता ही पाचही सूत्रं आपल्याकडच्या उंचीवर लावून पाहू. पाच फूट पाच इंच उंचीचा पुरुष घेतला, म्हणजे १६५ सेंटिमीटर, आपल्या पुरुषांची साधारण सरासरी. डिव्हाइन ६१.५, हॅमवी ६१.५, रॉबिन्सन ६१.५, मिलर ६३.३, ब्रोका ५८.६. पाचातली तीन दशांशापर्यंत एकच उत्तर देतात, आणि सगळ्यांत मिळून फरक पाच किलोंच्या आत.

आता पाच फुटांची बाई. ब्रोका ४४.५, डिव्हाइन ४५.५, हॅमवी ४५.५, रॉबिन्सन ४९, मिलर ५३.१. इथे फरक साडेआठ किलोंचा झाला. ४८ किलोच्या बाईला एक सूत्र अडीच किलो जादा ठरवतं आणि दुसरं पाच किलो कमी. पाच फूट पाच इंचांपाशी ज्यांचं इतकं जमतं, त्यांचं पाच फुटांपाशी येऊन जमत नाही. बाई आणखी बुटकी असली तर सूत्र उलटं ताणावं लागतं, दर इंचाला वजा करत. चार फूट दहा इंचांच्या बाईला डिव्हाइनचं सूत्र असं ताणलं तर ४०.९ किलो येतात. हे ताणणं मूळ सूत्रात नव्हतं, वापरणाऱ्यांनी आपल्या गरजेपोटी केलं.

बाई आणि पुरुष यांचे आकडे वेगळे ठेवण्यामागे मात्र खरं कारण आहे. सारख्या उंचीच्या दोघांत पुरुषाचे स्नायू आणि हाडं जड असतात, बाईच्या अंगात चरबीचा वाटा निसर्गतःच जास्त असतो. ती बाळंतपणाची आणि अंगावर पाजण्याची शिदोरी आहे. पण तो फरक नेमका साडेचार किलोंचा आणि प्रत्येक उंचीला तेवढाच, असं शरीर मानत नाही. ते फक्त डिव्हाइनचं सूत्र मानतं.

या सूत्राची खरी किंमत कळते ती अतिदक्षता विभागात. व्हेंटिलेटरवरच्या माणसाला प्रत्येक श्वासाला किती हवा द्यायची हे काट्यावरच्या वजनावरून ठरवत नाहीत, उंचीवरून काढलेल्या वजनावरून ठरवतात. अंगावर चरबी चढली म्हणून फुफ्फुस मोठं होत नाही. समजा, चार फूट दहा इंचांची आणि ६० किलोंची एक बाई आहे. किलोला ६ मिलिलिटर या हिशोबानं उंचीवरून तिला साधारण २४५ मिलिलिटर हवा बसते, काट्यावरून ३६०. अमेरिकेत ८६१ रुग्णांवर झालेल्या आणि २०००मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात किलोला १२ मिलिलिटर हवा दिलेल्या गटातले ३९.८ टक्के रुग्ण दगावले, ६ मिलिलिटरच्या गटातले ३१ टक्के. म्हणून रुग्णाच्या खाटेशी मोजपट्टी हवी. कुणाची उंची विचारली तर अंदाजानं सांगू नये, हे मला या आकड्यांमुळे पटलं.

वजनाचे 'आदर्श' तक्ते डॉक्टरांच्याही आधी विमा कंपन्यांनी लोकप्रिय केले. न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन लाइफ इन्शुरन्स कंपनीनं १९४२-४३मध्ये, मग १९५९ आणि १९८३मध्ये असे तक्ते काढले. कुठल्या वजनाचे विमेदार जास्त जगतात एवढंच त्यांनी पाहिलं होतं. विमा उतरवू शकणारा माणूस तिथला, खाऊनपिऊन असलेला, आणि मोजलेला अंगावरच्या कपड्यांसकट. त्या तक्त्यांत आपली बाई कुठेच नव्हती.

आता बीएमआय. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागायचं. हा हिशोब बेल्जियमचे गणिती अडोल्फ केटेले यांनी १८३०च्या दशकात मांडला, आणि त्याला आजचं नाव अँसेल कीज यांनी १९७२मध्ये दिलं. कीज यांनी तो पाच देशांतल्या सुमारे ७,४०० जणांवर तपासला. ते सगळे पुरुष होते. बीएमआय बाई आणि पुरुष असा भेद करत नाही. पण एक आकडा देण्याऐवजी तो पट्टा देतो, म्हणून मला तो सूत्रांपेक्षा बरा वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेचा सर्वसाधारण पट्टा १८.५ ते २४.९ असा आहे. पण आशियाई लोकांना मधुमेह आणि हृदयविकार त्याहून कमी वजनालाच गाठतात, म्हणून संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४मध्ये आशियाई लोकांसाठी २३ला सावध व्हायला सांगितलं. भारतीय तज्ज्ञांनी २००९मध्ये २३च्या पुढे जास्त वजन आणि २५च्या पुढे लठ्ठपणा असं ठरवलं.

त्या हिशोबानं, १८.५ ते २२.९ धरून, आपल्याकडच्या उंचीला बसणारं वजन असं येतं:

४ फूट ८ इंच: ३७ ते ४६ किलो
४ फूट १० इंच: ४० ते ५० किलो
५ फूट: ४३ ते ५३ किलो
५ फूट २ इंच: ४६ ते ५७ किलो
५ फूट ४ इंच: ४९ ते ६१ किलो
५ फूट ६ इंच: ५२ ते ६४ किलो
५ फूट ८ इंच: ५५ ते ६८ किलो

पाच फुटांच्या बाईसाठी पाचही सूत्रांची उत्तरं या पट्ट्यात बसतात. मग एकच आकडा 'आदर्श' म्हणून हातात का द्यायचा? दहा किलोंच्या पट्ट्यात कुठेही निरोगी बाई असू शकते.

तरी या पट्ट्याच्या आत असलेला माणूस सुखरूप आहे, असं म्हणता येत नाही. हे सर्वांत स्पष्ट दाखवलं ते पुण्यानं. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच आकडे छापले. दोघांचा बीएमआय एकच, २२.३. दोघंही पट्ट्याच्या आत. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. युडकिन मॅरेथॉन धावणारे, हे खरं. पण एकट्या धावण्यानं सगळा फरक उलगडत नाही. आपलं शरीर दिसायला बारीक आणि आतून चरबीदार असतं, आणि ते जन्मापासूनच तसं असतं, हे याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याआधी दाखवलं होतं.

पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांत १९९३पासून त्यांनी गरोदर होण्याआधीपासूनच बायकांची नोंद ठेवायला सुरुवात केली. त्या बायकांचं गरोदरपणाआधीचं सरासरी वजन ४१.७ किलो होतं आणि उंची १५२ सेंटिमीटर. बीएमआय १८च्या आसपास. डिव्हाइनच्या हिशोबानं त्या पावणेचार किलो कमी, मिलरच्या हिशोबानं अकरा किलोंहून जास्त कमी. शेतात राबणाऱ्या, पाणी भरणाऱ्या बायका. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोंची निघाली, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोंची. आठशे ग्रॅमचा फरक. पण हा फरक सगळ्या अंगात सारखा नव्हता. स्नायू आणि पोटातले अवयव जास्त लहान होते. पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र त्या मानानं टिकली होती. कमी खुराकात बाळानं स्नायू सोडले आणि चरबी राखली. अशा बाळाला पुढे भरपूर खायला मिळालं की वजन वाढतं ते चरबीच्या बाजूनं, आणि साखर लवकर वर जाण्याचा धोका वाढतो. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) देशव्यापी पाहणीत ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह आढळला. त्याच पाहणीत बीएमआयनं लठ्ठ ठरलेले २८.६ टक्के होते, आणि पोट सुटलेले ३९.५ टक्के. म्हणजे काट्यावर न दिसणारी पण कमरेवर दिसणारी माणसं कोट्यवधी आहेत.

पुण्याच्या त्या गावांत आणखी एक गोष्ट दिसली. आईनं किती खाल्लं यापेक्षा पालेभाज्या, दूध, फळं किती वेळा खाल्ली याचा बाळाच्या आकाराशी जास्त जवळचा संबंध होता. संक्रांतीनंतर करीला हदगाव तालुक्यातल्या तामश्याच्या महादेवाच्या देवळात भाजी-भाकरीची पंगत बसते, त्या पंगतीत एकाच भाजीत सगळा हंगाम असतो. घरातल्या गरोदर सुनेच्या ताटात अशी भाजी वर्षातून किती दिवस येते, हे विचारायला हवं. तिच्या वजनाचा प्रश्न तिथून सुरू होतो.

आता उंचीकडे येतो, कारण माझं खरं म्हणणं तिथे आहे. ही सगळी सूत्रं उंचीला देवानं दिलेली गोष्ट समजतात. उंची इतकी, मग वजन तितकं. पण आपल्याकडे उंची आधीच कापली गेलेली असते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२०मध्ये भारतीय बाईचा संदर्भ-आकडा धरला तो १६२ सेंटिमीटर आणि ५५ किलो. पुरुषाचा १७७ सेंटिमीटर आणि ६५ किलो. खुराक पुरेसा मिळाला तर भारतीय शरीर कुठवर जाऊ शकतं, ते या आकड्यांत धरलेलं आहे. प्रत्यक्षात बाई १५२वर थांबते. मधले दहा सेंटिमीटर जातात कुठे? २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५.२ टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी निघाली. त्याआधीच्या पाहणीत हा आकडा ३४.४ होता. दहा सेंटिमीटर तिथे जातात.

मराठवाड्यात हा हिशोब आणखी मागे नेता येतो. १९७२च्या दुष्काळात जी लेकरं पोटात किंवा कडेवर होती, ती आज पन्नाशी ओलांडून गेलीत. त्यांच्या आया खडी फोडायला गेल्या. दुष्काळी कामावर खायला सुकडी मिळाली आणि रेशनवर लाल मिलो ज्वारी. त्या पिढीची उंची तेव्हाच ठरली. आज त्यातल्या बायका पाच फुटांच्या खाली, गुडघे दुखतात म्हणून दवाखान्यात जातात, तिथे उंचीवरून काढलेलं वजन ऐकतात आणि जास्त खाण्याचा दोष घेऊन घरी येतात. सूत्र त्यांना म्हणतं, तुम्ही बुटक्या आहात म्हणून कमी वजनाच्या असायला हव्यात. पण बुटक्या का झालात, हे त्यांना कुणी विचारत नाही.

पोलिस भरतीची मोजपट्टीही तेच करते. महाराष्ट्रात शिपायासाठी मुलाला १६५ सेंटिमीटर लागतात आणि मुलीला १५५. मुलासाठी ती सरासरी आहे. मुलीसाठी सरासरीच्या वर तीन सेंटिमीटर. पहाटे मैदानावर पळणाऱ्या कितीतरी मुली धावण्याआधीच मोजपट्टीपाशी बाद होतात, आणि ती उंची त्यांच्या दोन वर्षांच्या वयातली बाकी असते.

वजनाच्या गोष्टी सध्या जाडीच्याच बाजूनं बोलल्या जातात, हे मला फार खटकतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्याच्या त्याच पाहणीत महाराष्ट्रातल्या २३.४ टक्के बायका जाड निघाल्या, आणि २०.८ टक्के बायका १८.५च्या खाली. जवळजवळ बरोबरीची संख्या. पाचातल्या एका बाईला वजन वाढवायची गरज आहे, आणि तिच्यासाठी जाहिरात नाही, जिम नाही, औषधाच्या दुकानाबाहेरचा काटाही तिला काही न सांगता परत पाठवतो. कमी वजन किती जीवघेणं आहे ते क्षयरोगात दिसतं. डॉ. अनुराग भार्गव आणि डॉ. माधवी भार्गव यांनी झारखंडमध्ये क्षयाच्या २,८०० रुग्णांना औषधाबरोबर धान्य, डाळ, दूध पावडर, तेल दिलं. २०२३मध्ये त्याचे निकाल आले. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन ५ टक्के वाढलं, त्यांच्या मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी दिसला. ४० किलोंच्या माणसाला ५ टक्के म्हणजे दोन किलो. घरातल्या इतरांनाही धान्य दिलं तेव्हा त्यांच्यातला क्षय ३९ टक्क्यांनी घटला. सरकारनं २०१८पासून क्षयरुग्णाला पोषणासाठी दरमहा ५०० रुपये द्यायला सुरुवात केली आणि नोव्हेंबर २०२४पासून ते १,००० केले. तो पैसा काट्यावर दिसतो की नाही, हे दर महिन्याला वजन करूनच कळेल.

मग हदगावच्या घरात काय मोजावं? पट्टा वर दिला आहे. त्याच्या जोडीला कमर मोजावी. भारतीयांसाठी पुरुषाची कमर ९० सेंटिमीटरच्या आत आणि बाईची ८० सेंटिमीटरच्या आत ठेवायला सांगितलेलं आहे. इथे बाई-पुरुष हा भेद खरंच कामाचा ठरतो. टेप नसेल तर एक दोरा घ्यावा. डोक्यापासून टाचेपर्यंत उंचीएवढा कापावा, दुमडून अर्धा करावा आणि बेंबीशी कमरेभोवती धरावा. टोकं भेटली पाहिजेत. इंग्लंडच्या आरोग्य यंत्रणेनं २०२२पासून हीच 'उंचीच्या अर्ध्याहून कमी कमर' सांगायला सुरुवात केली आहे. आपल्याकडचे पुरुष तर पिढ्यान्‌पिढ्या कमरेला दोरा बांधत आलेत. करदोडा किती वर्षांत किती वेळा सैल करावा लागला, हे ज्याचं त्याला माहीत असतं. काट्यावर ६२ किलो तसेच राहिले आणि करदोडा दोन बोटं वाढवावा लागला, तर स्नायू गेले आणि चरबी आली. बाईच्या बाबतीत परकराची नाडी हेच सांगते, फक्त बाळंतपणांमुळे ती वाचणं थोडं अवघड जातं.

उंची मात्र दरवेळी खरोखर मोजावी. भिंतीला टाचा, पाठ आणि डोकं टेकवून, चप्पल काढून, डोक्यावर पुस्तक आडवं धरून. दीड इंच जास्त सांगितली तर पट्टा दोन ते तीन किलो वर सरकतो, आणि जास्त वजन दडून राहतं. साठीनंतर पाठ वाकते आणि उंची घटते. तेव्हा बीएमआय वाढलेला दिसतो, पण वजन तेवढंच असतं. म्हाताऱ्या आईला उपाशी ठेवण्याआधी तिची तरुणपणीची उंची आठवावी.

आणि अंगणवाडीत लेकराची उंची मोजा म्हणावं. पोषण अभियानात अंगणवाड्यांना वजनकाट्याबरोबर उंची मोजायची साधनंही दिली आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापानुसार दोन वर्षांची मुलगी उभी राहिल्यावर साधारण ८५.७ सेंटिमीटर भरायला हवी. ७९.३च्या खाली गेली तर ती खुजी. मधले जवळपास साडेसहा सेंटिमीटर पहिल्या दोन वर्षांतच मिळवायचे असतात. दूध, अंडं, पालेभाजी, आणि हगवण लागली की लगेच उपचार. वजनाच्या रकान्याशेजारी उंचीचा रकाना कोरा असेल तर अंगणवाडीताईंना मुलीला पट्टीशी उभं करायला सांगावं आणि आकडा आपल्यासमोर लिहून घ्यावा.